खोलीचा खर्ज

मामा डोळे मिटून ऐकत होते. तंबोऱ्याच्या तारा चार-पाच वेळा फिरून गेल्या, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तंबोरा माझाच आहे गं. पण हा खर्ज माझा नाही."

मी काहीच बोलले नाही. नवे स्पीकर आल्यावर त्यांच्यावर पहिल्यांदा काय ऐकायचं, हे मी महिनाभर आधीच ठरवलं होतं. मामांच्या तंबोऱ्याचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, मी स्वतः केलेलं. गाणं नाही, नुसता तंबोरा. मामा काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात आणि गायला बसण्याआधी तारांखालचा जवारीचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करत किती वेळ घालवतात, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यांचा तंबोरा कसा बोलतो हे माझ्या कानांना पाठ आहे. आणि त्या दिवशी माझ्या खोलीत तो तसा बोलत नव्हता. पंचम ठीक, जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारा ठीक, पण खर्जाची, सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडली की एक जाड, गोल आवाज फुगायचा आणि पुढचा पंचम येऊन गेला तरी जागचा हलायचा नाही. बाकीच्या तारा त्याच्या पोटात गेल्यासारख्या वाटत होत्या.

स्पीकर चांगले होते, हे आजही म्हणते. कमरेइतके उंच, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी वीस सेंटिमीटरचे दोन वूफर. दुकानाच्या हॉलमध्ये मी ते तासभर ऐकले होते आणि तिथे हाच तंबोरा मोकळा, स्वच्छ वाजला होता. समोरची भिंत तिथे कितीतरी लांब होती. भिंतीकडे त्या दिवशी माझं लक्षच गेलं नव्हतं, सगळा कान स्पीकरकडे होता.

माझी ऐकायची खोली ३.४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. लांब भिंतीला स्पीकर लावले होते आणि समोरच्या लांब भिंतीला टेकून माझी खुर्ची. दुसरी काही मांडणी असू शकते असं मनात आलं नव्हतं. मामा गेल्यावर रात्री मी फोनवरच्या ॲपमधून एक शुद्ध सूर काढला, कुठलंही वाद्य नसलेला, आणि तो ४० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांपासून, हळूहळू चढवत नेला. साठीच्या पुढे आवाज वाढायला लागला. ६८-६९ ला खिडकीची काच थरथरली, खुर्चीचा दांडा हाताला जाणवला. मी घाबरून उठले आणि आवाज कमी करायला म्हणून ॲम्प्लिफायरकडे निघाले, तर खोलीच्या मधोमध आल्यावर तो सूर जवळजवळ नाहीसा झाला. परत भिंतीशी गेले, परत आला. स्पीकर तेवढाच वाजत होता, बटणाला कुणी हात लावलेला नव्हता. पुढचा अर्धा तास मी त्या अडीच मीटरमध्ये नुसती येरझारा घालत होते. आवाज ही जागेवर ठेवलेली वस्तू असल्यासारखी त्याच्या आत जाता येतं आणि बाहेर येता येतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

हिशेब सोपा निघाला. २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ६८.६ हर्ट्झच्या सुराची लाट बरोबर ५ मीटर लांब. माझ्या खोलीची रुंदी तिच्या निम्मी, त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट अचूक बसते, भिंतीवरून परतून स्वतःवरच येऊन पडते आणि उभी राहते. दोन्ही भिंतींशी दाब सर्वांत जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. माझे कान भिंतीपासून वीतभर अंतरावर होते. आता मामांचा तंबोरा घ्या. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या खालच्या सप्तकात, म्हणजे ६९.३. दोन्हींत एका हर्ट्झचंही अंतर नाही. खोलीनं आपली एक तार आधीच लावून ठेवली होती आणि मामांनी खर्ज छेडला की ती आपोआप वाजत होती.

हे फक्त माझ्या खोलीचं नाही. चार भिंतींच्या कुठल्याही खोलीला लांबी, रुंदी आणि उंची मिळून असे निदान तीन मूळ सूर असतात. वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की ते मिळतात. माझ्या खोलीचे ५०.४, ६८.६ आणि ६१.३. शिवाय त्यांच्या पटी, आणि भिंतींच्या दोन-तीन जोड्या मिळून होणारे सूर वेगळेच. मोठ्या सभागृहातही हे असतं, पण तिथले मूळ सूर इतके खाली असतात की संगीत सुरू होईपर्यंत ते एकमेकांत दाटीवाटीने मिसळून जातात आणि कानाला एकेकटे सापडत नाहीत. लहान खोलीत ते सुटे सुटे पडतात, मध्ये रिकाम्या जागा सोडून. एक स्वर दणकून उठतो, शेजारचा हरवतो. मानफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञानं ही दाटी कुठून सुरू होते याचा एक ठोकताळा दिला आहे. खोलीचं आकारमान आणि आवाज विरायला लागणारा वेळ घातला की सीमा मिळते. माझ्या खोलीसाठी ती साधारण २५० हर्ट्झ येते. काळी एकच्या गायकाला हे लावून बघितलं तेव्हा मी थक्क झाले. अख्खं मंद्र सप्तक आणि मध्य सप्तकातला निषाद जवळ येईपर्यंतचा सगळा भाग या सीमेच्या खाली आहे. तेवढ्या पट्ट्यात मी जे ऐकते त्यात स्पीकरइतकाच, कधी स्पीकरहून मोठा वाटा खोलीचा असतो. आणि स्पीकर निवडताना मी माहितीपत्रकातली नेमकी तीच ओळ सर्वांत आधी वाचली होती: किती खालपर्यंत उतरतो.

मग मी तेच केलं जे माझ्या जागी कुणीही केलं असतं. घरातल्या गाद्या आणि रजया आणून भिंतींना उभ्या केल्या. वॉलेस क्लेमेंट सबाइन यांच्याबद्दल तेव्हा नुकतंच वाचलं होतं. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि तिथे वक्त्याचा शब्द कळेना. रिकाम्या दालनात आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागे. सबाइन रात्री काम करत, कारण रात्री शांतता असे. शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडायच्या, एक सूर वाजवून बंद करायचा, तो विरायला किती वेळ लागतो हे मोजायचं आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. त्या गाद्यांतून सभागृहाच्या ध्वनीचं शास्त्र उभं राहिलं. माझ्या रजयांनी मात्र टाळी वाजवल्यावर भिंतींमध्ये उठणारा फडफडाट तेवढा थांबवला. खर्जाला त्यांनी काही केलं नाही. मऊ पदार्थ लाटेला तेव्हाच शोषतो जेव्हा त्याची जाडी लाटेच्या लांबीच्या तुलनेत काही असेल. पाच मीटरची लाट अर्ध्या वितीच्या रजईतून सरळ निघून जाते. वरच्या पट्टीतला आवाज तेवढा शोषला गेल्यामुळे खर्ज उलट अजून जड वाटायला लागला. ईक्वलायझरने तो एक सूर खाली दाबूनही बघितला. खुर्चीवर फरक पडला, पण खोलीच्या मध्यावर तिथे आधीच जे नव्हतं ते आणखी कमी झालं, आणि ही कायम कुबडी घेऊन चालायचं या विचारानं मन लागेना. स्पीकर मी परत दिले.

पुढचे तीन-चार महिने मी एकही स्पीकर ऐकला नाही. मामांकडे जाऊन तंबोऱ्याशेजारी बसायचे, आणि प्रश्न एकच: खऱ्या तंबोऱ्यात खर्ज कुठे असतो?

याचं उत्तर मला सी. व्ही. रामन यांच्या कामात सापडलं. १९२१ साली त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता, तंबोरा आणि वीणा यांच्यावर. तारेच्या मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे जे सूर उठतात ते स्वरांश. तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश त्या छेडण्यातून उमटू नये, असा तारांचा जुना नियम. रामन यांनी दाखवलं की या वाद्यांत तो उमटतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा रुंद आणि हलक्या बाकाचा असतो, तार त्याला घासत, स्पर्श करत-सोडत कंप पावते आणि तिची शक्ती वरच्या स्वरांशांमध्ये वाटली जाते. आपण जिला जवारी म्हणतो ती हीच. म्हणजे खर्जाची तार छेडल्यावर ६९ हर्ट्झचा जो मूळ सूर, तो वाद्यातून बाहेर येतो तेव्हा अगदी दुबळा असतो. जे भरभरून येतं ते १३९, २०८, २७७, ३४६ आणि त्याच्या वरचं सगळं.

तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. तो कान तयार करतो. समान अंतरावरचे स्वरांश एकत्र आले की त्यांच्या मुळाशी कोणता सूर असणार हे कान आणि मेंदू मिळून ओळखतात, तो सूर प्रत्यक्ष हवेत नसला तरीही. साधा टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पोचवायचा नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १२० च्या आसपास असतो. तरीही फोनवर पलीकडून बोलणारे काका काकाच वाटत, त्यांचा आवाज काही बारीक झालेला नसे.

हे कळलं त्या दिवशी माझी निवड जवळजवळ झाली. माझ्या मोठ्या स्पीकरांनी रेकॉर्डिंगमधला तो दुबळा ६९ हर्ट्झ इमानदारीनं खोलीत सोडला होता आणि खोलीनं त्याचा राक्षस केला होता. मला असा स्पीकर हवा होता जो १३९ पासून वर सगळं निर्मळ सांगेल आणि त्याच्या खाली शहाण्यासारखा हळूहळू मागे सरेल. खर्ज मग माझा कान लावून घेईल, मामांकडे बसल्यावर लावतो तसाच. लहान खोलीला लहान स्पीकर हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो जागेच्या अडचणीपोटी केलेल्या तडजोडीसारखा दिला जातो. मला तो तसा वाटत नाही. माझ्या खोलीत लहान स्पीकर तंबोऱ्याच्या जास्त जवळचा आहे, आणि हे मी मोजून, ऐकून सांगते आहे.

अशा विचाराचा इतिहास जुना आहे. १९७० च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये ऐकायला स्पीकर हवा होता. गाडीतली ती कोंदट जागा माझ्या खोलीहून कितीतरी लहान. मोठा स्पीकर तिथे मावलाही नसता आणि मावला असता तरी निरुपयोगी ठरला असता. त्यांच्या संशोधन विभागानं एलएस३/५ए तयार केला: जेमतेम पाच लिटरची, फूटभर उंचीची बंद पेटी, मानवी आवाज खरा ऐकू यावा या एका हेतूनं घडवलेली. तिचा खालचा पट्टा लवकर संपतो आणि १०० हर्ट्झच्या थोडा वर आवाज किंचित उचललेला आहे, जेणेकरून कानाला खालची उणीव भासू नये. पन्नासएक वर्षं झाली तरी लोक तो शोधतात.

बंद पेटी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज बाजारातल्या बहुतेक स्पीकरांच्या पेटीला एक भोक असतं, पोर्ट. त्यातल्या हवेच्या कंपनानं खालचा पट्टा थोडा आणखी खेचला जातो. त्याची किंमत अशी की त्या मर्यादेखाली आवाज झपकन कोसळतो, दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबल. बंद पेटीत तो लवकर उतरायला लागतो, पण १२ डेसिबलच्या सौम्य उतारानं. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतली हवाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरली आणि तोवर कपाटाएवढ्या पेटीतून मिळणारा खालचा आवाज पुस्तकांच्या फळीवर मावेल इतक्या पेटीतून काढून दाखवला. फुकट मात्र काही मिळत नाही. लहान पेटी, खोल आवाज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच निवडता येतात. हा नियम हॉफमन यांच्या नावानं ओळखला जातो आणि पेटीच्या भौतिकशास्त्रातून त्याला पळवाट नाही. लहान खोलीत मात्र तिसऱ्या गोष्टीची फार गरज पडत नाही. माझे आताचे स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर ८४ डेसिबल देतात, म्हणजे आजच्या मानानं आळशीच. मी त्यांच्यापासून १.४ मीटरवर बसते. ७५ डेसिबलला तंबोरा ऐकताना दोघांना मिळून पाव वॉट पुरतो. तबल्याची थाप पडते तेव्हा त्याच्या कितीतरी पट लागतात, तेवढे साधा ॲम्प्लिफायर सहज देतो. शेकडो वॉटांच्या आकड्यांची काळजी मी सोडून दिली.

दोन जोड्या घरी आणून आठ-आठ दिवस ऐकल्या. दोन्ही तेरा सेंटिमीटर वूफरच्या, बंद पेटीच्या. या वेळी मी पडदा लावला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हे तपासलं होतं: तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर. डोळ्यांना दिसल्याबरोबर मतं बदलली, सरावलेल्या कानांचीसुद्धा. माझेही बदलणार हे मला माहीत होतं, कारण दोनपैकी एका जोडीचं लाकूड फार सुंदर होतं. धाकटा भाऊ पडद्यामागे स्पीकरच्या वायरी बदलायचा, मी वहीत लिहायचे. दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त चांगला वाटतो.

पहिल्या दोन दिवसांत फरकच कळेना. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीवरून उठले आणि बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहिले, आणि तिथे कळला. एका जोडीचा आवाज कडेनंही तसाच ऐकू येत होता, फक्त थोडा मऊ. दुसरीचा मध्येच पोकळ होत होता, कुणी तोंडासमोर हात धरून बोलावं तसा. लहान खोलीत हा फरक फार मोलाचा आहे. माझ्या बाजूच्या भिंतीवरून येणारा पडसाद थेट आवाजामागोमाग अडीच मिलिसेकंदांच्या आत पोचतो. इतका जवळचा पडसाद कान वेगळा मोजत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. भिंतीकडे गेलेला आवाज बिघडलेला असेल तर तो बिघाड गायकाच्या गळ्यात ऐकू येतो. म्हणून मी आता कुणी विचारलं तर आधी हेच सांगते: समोर बसून ऐकण्याआधी उठा, कडेला जा, दाराबाहेर जाऊन ऐका. वहीत जिंकलेली जोडी साध्या रंगाची निघाली.

आणि मग खोली फिरवली. हे खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. स्पीकर आखूड भिंतीकडे नेले, तोंडं खोलीच्या लांबीकडे. आता ६८.६ हर्ट्झची लाट माझ्या डाव्या-उजव्या भिंतींमध्ये उभी राहते, आणि मी बरोबर मध्यरेषेवर बसते, जिथे ती नसतेच. शिवाय दोन्ही स्पीकर मध्यरेषेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर असल्यामुळे दोघांत सारखा असलेला सूर ती लाट उठवतानाच एकमेकांना खोडून काढतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून स्पीकर ६२ सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे रुंदीच्या पाव अंतरावर. तिथे दुप्पट कंपनाची, १३७ हर्ट्झची लाटही उठत नाही, आणि १३७ म्हणजे जवळजवळ मामांचा षड्जच. मागच्या भिंतीपासून माझी खुर्ची १.३ मीटर पुढे आली. खोलीच्या मध्ये खुर्ची विचित्र दिसते, कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. ते मी मान्य केलं आहे. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा भाग, कानांच्या उंचीवर आणायला स्टँड घेतले, कारण वूफर आणि ट्वीटरचे आवाज वर-खाली झालं की एकमेकांशी भांडतात. बाजूच्या भिंतींना पुस्तकं आली.

काय गेलं तेही सांगते. पखवाजाच्या धुमकीचा तळ मला इथे मिळत नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रातले ढोल छातीत जाणवत नाहीत. रात्री आवाज अगदी खाली नेला की सगळंच थोडं विरळ होतं, कारण हळू आवाजात आपला कान खालचे सूर मुळातच कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख काढले आहेत. अगदी खालच्या सुरांसाठी वेगळा सबवूफर घे, असं भाऊ म्हणतो. कदाचित कधी घेईनही, पण ५० हर्ट्झचा या खोलीचा दुसरा सूर अजून झोपलेला आहे आणि त्याला उठवायची मला घाई नाही.

मागच्या महिन्यात मामा पुन्हा आले. काही न सांगता मी तेच रेकॉर्डिंग लावलं. पंचम, जोड, जोड, खर्ज. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. तारा फिरत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि पाच मिनिटं झाली तरी ते काही बोलेनात. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि बोटं हवेतच खुंटी पिळल्यासारखी किंचित वळली.

"जोडीतली दुसरी तार उतरलीय," ते म्हणाले. "ऐक. वरच्या गंधारात हेलकावा येतोय."

मी कान दिला. दोन तारांमध्ये अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर मूळ सुरात दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. पण तारेच्या पाचव्या स्वरांशात, जो वर गंधार म्हणून ऐकू येतो, तो पाचपट वेगानं येतो. होताच तो तिथे, मंद, लाटेसारखा. मी हे रेकॉर्डिंग निदान दोनशे वेळा ऐकलं असेल.

"तेव्हा कसं नाही कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मागच्या वेळी ऐकू कुठे आलं? तो तुझा खर्ज बसला होता ना वर." ते उठले. "तंबोरा गाडीतच आहे. घेऊन येतो, परत रेकॉर्ड कर."